दाराकडे बघणारी सूनबाई

दिवसभर मी लोकांचे हात बघते. त्याचाच मला पगार मिळतो.

चेहरे कधी दिसत नाहीत, कारण कॅमेरा त्या माणसांच्या कपाळावर पट्ट्याने बांधलेला असतो आणि तो खाली बघतो. कोणी भांडी विसळतंय, कोणी पलंगावर चादर घालतंय, कोणी टॉवेलच्या घड्या करतंय. माणसं आपापल्या घरी पट्टा बांधून ही कामं करतात, क्लिपा आमच्या ऑफिसात येतात, मी त्या तपासते आणि पास झालेल्या क्लिपा यंत्राला दाखवतात. हात आणि मान असलेलं ते यंत्र बघून बघून शिकतं आणि मग ऐपतदारांच्या घरी घड्या घालायला जातं.

नियम सोपे आहेत. हात चौकटीबाहेर गेला, नापास. मान भलतीकडे वळून तिथेच राहिली, नापास. क्षणभर वळली तर चालतं, कारण माणूस म्हटला की शिंक येते, माशी बसते. आणि क्लिपमध्ये दुसरं कोणी दिसलं तर सरळ नापास, कारण त्या माणसाची परवानगी घेतलेली नसते. आवाज येतच नाही.

मला आता हातांवरून माणसं ओळखता येतात. एकीच्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, एक जण नखं कुरतडतो, एकीच्या बोटातली अंगठी अलीकडे गायब झाली आहे. यांपैकी कुणालाही मी रस्त्यात ओळखणार नाही. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बसमध्ये शेजारच्या बाईने पर्स उघडली तरी मी मनातल्या मनात पास-नापास करत असते. एकदा एका म्हाताऱ्याला सुट्टे पैसे मोजताना मी नापास केलं होतं. इतकी मी या कामाला विटले आहे, आणि दुसरं काम शोधायचाही तितकाच कंटाळा आहे.

वहिनीला हे काम मीच मिळवून दिलं. वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. दादाने आयुष्यभर बस चालवली. निवृत्त झाला आणि दोनेक वर्षांत त्याची आठवण पुसट होत गेली. मी कोण, जेवण झालं की नाही, सगळं गेलं, पण ड्युटी काही गेली नाही. कधीही उठायचा, शर्टाची बटणं लावायचा, चपला पायात घालायचा आणि दाराच्या कडीला हात घालायचा. "उशीर झाला," म्हणायचा. एकदा तो खरंच निसटला. शोधशोध शोधला, तर हा डेपोत, एका उभ्या बसमध्ये चालकाच्या जागेवर बसलेला. मागे चार-पाच प्रवासीही बसले होते, आणि एक बाई बस सुटत का नाही म्हणून तणतणत होती. वहिनी हा किस्सा हसून हसून सांगायची. त्या दिवशी मात्र तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

तेव्हापासून तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणं अवघड झालं. घरबसल्या करता येईल असं हे एकच काम होतं. पट्टा बांधायचा, टेबलावर टॉवेल घ्यायचे, घड्या करायच्या. तेवढ्यावर त्या दोघांचं चाललं होतं आणि, खरं सांगायचं तर, तेवढ्यामुळे वहिनीचंही चाललं होतं. "दिवसातून थोडा वेळ तरी कुणीतरी माझ्या कामाकडे बघतं," असं ती म्हणायची.

आणि बघण्यासारखं होतंच. कोपऱ्यावर कोपरा असा बसायचा की इस्त्रीने लाजावं. आमच्या साहेबांनी तिच्या क्लिपा नमुना म्हणून निवडल्या आणि यंत्राला त्याच पुन्हा पुन्हा दाखवल्या. या साहेबांना आम्ही लगेचसाहेब म्हणतो, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक तरी 'लगेच' असतोच. "चांगल्या माणसाचं लगेच उचललं पाहिजे," असं ते तेव्हा म्हणाले होते. चांगल्या माणसाचं सगळंच उचललं जातं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मग तो व्हिडिओ आला. कुठल्याशा शहरातल्या कुण्या बाईने आपल्या घरचं यंत्र टिपलं होतं. यंत्र टॉवेलची घडी करतं, चळतीवर ठेवतं, मान डावीकडे वळवून क्षणभर बघतं आणि पुढचा टॉवेल घेतं. पुन्हा घडी, पुन्हा बघणं. बाईने खाली लिहिलं होतं, "कोण येणार आहे?"

बस्स. आठवडाभर जगाला दुसरा उद्योग राहिला नाही. ज्याच्या त्याच्या घरचं यंत्र डावीकडे बघत होतं. एकाच्या घरी डावीकडे फ्रिज होता. तो म्हणाला, "माझ्यावरच गेलंय." एकीच्या घरी तिथे मांजर झोपायचं, ते बिचारं जागा बदलून बदलून दमलं. कोणी यंत्राला शाल पांघरली, कोणी त्या नजरेला करुण संगीत लावलं. एका विद्वानाने एकटेपणावर तासभर भाषण ठोकलं आणि यंत्राला आता मन फुटलंय असं जाहीर केलं. शाळेतली पोरं म्हणे प्रत्येक गणित झालं की वर्गाच्या दाराकडे बघायला लागली.

आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे पोट धरधरून हसत होते. मी डबा झाकून ठेवला. ती मान मी पहिल्या झटक्यात ओळखली होती.

वहिनीला जवळचा चष्मा आहे. घड्या करताना ती तो लावते, पण दार डावीकडे, लांब, म्हणून दाराकडे बघताना मान किंचित खाली घालून चष्म्यावरून बघते. कपाळावरचा कॅमेराही तिच्याबरोबर आधी खाली जायचा आणि मग वळायचा. यंत्राला ना चष्मा, ना चाळिशी, तरी ते मान आधी झुकवून मगच डावीकडे वळवत होतं. माझी वहिनी हजारो अनोळखी घरांतून चष्म्यावरून दाराकडे बघत होती.

दुपारी लगेचसाहेब माझ्या टेबलाशी आले. "हे कोणाच्या क्लिपांमधून आलंय ते लगेच शोधा. ज्याचं असेल त्याचं काम लगेच बंद."

"शोधायला नको. माझी वहिनी आहे," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्या पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही पास केलंत?"

"नियमात बसत होतं म्हणून केलं. क्षणभरच बघते ती. आणि नमुना म्हणून निवडलंत तुम्ही."

हे मी जरा चढ्या आवाजात बोलले. दमलेल्या माणसाला भीतीही फारशी उरत नाही. साहेबांनी हनुवटी खाजवली. असा हात दुसरा मिळणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी ठरलं ते असं: जुन्या क्लिपांमधली प्रत्येक नजर मी कापायची, कापलेले तुकडे लगेच पुसून टाकायचे, आणि वहिनीने यापुढे दाराकडे बघायचं नाही. बघितलं तर काम गेलं.

रविवारी मी तिच्याकडे गेले. दादा खुर्चीत बसून शर्टाची बटणं लावत होता. मी वहिनीला फोनवर तो व्हिडिओ दाखवला.

"तर तुम्ही जगभर गाजताय," मी म्हणाले.

"मी? दाराकडे? छे, काहीतरीच तुमचं वन्सं." मला वन्सं म्हणणारी ती जगातली शेवटची बाई असावी, आणि तेही चिडवायला म्हणायची. मग मी तिला तिचीच एक क्लिप दाखवली. तिने ती दोनदा बघितली. आपण दर घडीला दाराकडे बघतो हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. मग तिला हसू फुटलं, ते थांबेचना. "अगंबाई, म्हणजे मला सून आली की हो! ना बघणं, ना बोलणी! आणि घरात आल्या आल्या सासूचं वळण उचललं मेलीने."

दादाही वाकून फोनकडे बघत होता. यंत्राने मान वळवली तशी त्याने च्‌ च्‌ केलं. "बस चुकली बिचारीची," तो म्हणाला आणि चपला शोधायला उठला.

मी तिला साहेबांची अट सांगितली. तिचं हसू ओसरलं. "न बघता कसं जमायचं हो?" तिने विचारलं. तिला माझ्याकडून उत्तर नकोच होतं. उठली, कपाटातून जुन्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि दाराच्या कडीला दोऱ्याने बांधला. कडी हलली की किल्ल्या खुळखुळत. "डोळे तुमच्या कंपनीचे," ती म्हणाली, "कान माझे."

त्यानंतर मी कितीतरी दिवस तिच्या नजरा कापत बसले. एक नजर, काप. दुसरी नजर, काप. कापता कापता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्या क्लिपांत दादा दाराशी उभा होता त्या मी पूर्वीच नापास केल्या होत्या, दुसरा माणूस दिसतो म्हणून. उरलेल्या साऱ्या नजरांत दार बंद होतं आणि दाराशी कोणी नव्हतं. म्हणजे यंत्र शिकलं होतं ते इतकंच: बघायचं, दार बंद आहे, आपलं माणूस आत आहे, घे पुढचा टॉवेल. लोक उगाच हळहळत होते. ती नजर कोणाची वाट बघत नव्हती. ती निश्चिंत होत होती.

हे मी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

नव्या क्लिपा येऊ लागल्या. वहिनीची मान खाली, नजर टॉवेलवर, तक्रारीला जागा नाही. पण घड्यांमध्ये ती मधूनच थबकायची, बोटं टॉवेलवर तशीच राहायची. किल्ल्या ऐकत असणार. मी पास करायचे.

थंडीच्या दिवसांत दादाला खोकला धरला, तो छातीत उतरला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. त्या दारातून तो स्ट्रेचरवरून गेला. किल्ल्या खूप खुळखुळल्या, असं वहिनीने नंतर मला सांगितलं. तेवढं एकच वाक्य. माझा एकुलता एक भाऊ होता तो. मला सायकल त्याने शिकवली, मागून धरलंय असं खोटं सांगून. मी चार दिवस रजा घेतली आणि चारही दिवस झोपून काढले.

वहिनीने लवकरच पट्टा पुन्हा बांधला. "नुसतं बसून काय करू?" ती म्हणाली. तिच्या क्लिपा आता अगदी स्वच्छ येत. थबकणंही गेलं होतं. एकामागून एक टॉवेल. त्या क्लिपा बघवत नसत, आणि नापास करायला कारण सापडत नसे.

इकडे यंत्रांना नवं शिक्षण दिलं गेलं आणि त्यांचं बघणं थांबलं. साहेबांनी ऑफिसात पेढ्यांसारखी चॉकलेटं वाटली. आणि मग ओरड सुरू झाली. लोकांना ती नजर हवी होती. "आमचं यंत्र आता वाट बघत नाही," "याच्यात आता जीव राहिला नाही," "आम्ही घेतलं होतं ते परत द्या." एका बाईने लिहिलं होतं की नवरा गेल्यापासून घरात दाराकडे बघणारं तेवढं एकच उरलं होतं.

लगेचसाहेब पुन्हा माझ्या टेबलाशी. "ती नजर लगेच परत हवी."

"तुकडे पुसलेत आपण. तुम्हीच सांगितलं होतं."

"म्हणूनच तर. बाकीच्यांकडून करून घेतली, जमत नाही. नाटकी वाटतं. मूळ बाईच पाहिजेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, यंत्राला घड्या आता येतात. घड्यांचं काम संपत आलंय. नजर देत असतील तर वहिनींना ठेवता येईल. नाहीतर मला काही करता येणार नाही."

बघितलं म्हणून काम जाणार होतं. आता न बघितल्याने जाणार होतं. मला हसायचंही त्राण नव्हतं.

रविवारी पुन्हा तिच्याकडे. दादाची खुर्ची भिंतीला लावलेली, चपला दाराशी तशाच, किल्ल्यांचा जुडगा कडीवर. मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं. "म्हणजे आता बघायचे पैसे," ती म्हणाली आणि पट्टा बांधला.

घडी केली, चळतीवर ठेवली, दाराकडे बघितलं. मी फोनवर क्लिप तपासली. मान खाटकन वळली होती. लग्नात फोटोवाला 'इकडे बघा' म्हणतो तशी.

"नापास," मी म्हणाले. "चष्म्यावरून बघा. आधी मान खाली."

तिने मान खाली घातली, वर केली, वळवली. कवायत वाटली. पुन्हा. पुन्हा. टॉवेलची चळत मोडून पहिल्यापासून. शेवटी तिने चष्मा काढून टेबलावर आपटला. "परीक्षा घेताय की छळताय? शेवटी नणंद ती नणंदच!" आणि मग एकदम खाली बसली. "काय बघू हो मी तिकडे? आता कोण जाणार आहे उठून?"

मला रडू आलं. तिलाही. आम्ही दोघी त्या ढीगभर टॉवेलांच्या दोन बाजूंना बसून रडलो आणि डोळे पुसायला घडी केलेलाच एक टॉवेल घेतला. मी म्हटलं, "राहू द्या वहिनी. खड्ड्यात गेली कंपनी."

"मग मी दिवसभर काय करू?" तिने विचारलं. मी मोडलेल्या चळतीतले टॉवेल गोळा करू लागले.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, चष्मा लावला आणि म्हणाली, "तुम्ही जरा दाराशी उभ्या राहा. त्यांच्या चपला घाला."

मी दादाच्या चपला घातल्या. मोठ्या होत होत्या. दाराशी जाऊन तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. मागे टॉवेलची सळसळ ऐकू येत होती. कडीला हात कधी घालायचा हे तिने सांगितलं नव्हतं. मी घातला. किल्ल्या खुळखुळल्या.

"अहो, थांबा!"

मी वळले. वहिनी अर्धी उठली होती, मान झुकवून चष्म्यावरून बघत होती, आणि चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. मग तिला मी दिसले.

क्लिप बघितली. नजर अगदी खरी होती. पण नजरेत मी होते, दाराशी, दादाच्या चपलांत. दुसरा माणूस. "नापास," मी म्हणाले.

"मग बाहेर जा," वहिनी म्हणाली. "दार ओढून घ्या. मी बोलावल्याशिवाय आत यायचं नाही."

मी बाहेर गेले, दार ओढलं. आतून किल्ल्या थोडा वेळ हलत राहिल्या आणि थांबल्या. जिन्यावर कोणाच्या तरी ओल्या छत्रीचं पाणी साचलं होतं. वरच्या मजल्यावरची बाई पिशव्या घेऊन चढत आली, माझ्या पायांतल्या चपलांकडे बघून थबकली आणि काही न विचारता वर गेली. मी दाराला कान लावला. टॉवेलचा आवाज येण्याइतकं दार पातळ नव्हतं. दादाला या दारापलीकडे एवढं काय दिसत असेल, असा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा केला. जिना होता. खाली रस्ता होता. बाकी काही नव्हतं. पाय दुखायला लागले तेव्हा कुठे आतून तिचा आवाज आला, "या आता आत." तो माझ्यासाठी वापरायचा आवाज नव्हता.

मी आत आले, चपला काढून होत्या तशा जोडून ठेवल्या. वहिनी पट्टा सोडत होती. चळत पूर्ण झाली होती. "तपासा उद्या," ती म्हणाली. "आज मला बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ती क्लिप लावली. टेबल, तिचे हात, टॉवेल. कोपऱ्यावर कोपरा. चळतीवर ठेवला. मग मान हलकेच खाली गेली, वळली, आणि दार दिसलं. बंद. दाराशी कोणी नाही. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, आणि नजर खरी होती. जुनीच होती, फक्त जरा लांबलेली. निश्चिंत मात्र ती होत नव्हती. हे यंत्राला कळणार नव्हतं आणि लोकांना हेच हवं होतं.

मी पास केलं. साहेब लगेच खूश झाले. वहिनीचं काम राहिलं.

पण पास करण्याआधी मी ती क्लिप पुन्हा पुन्हा लावली. पुढचा टॉवेल, पुन्हा दार. मला पक्कं माहीत होतं की त्या दारापलीकडे मीच उभी आहे, माझ्या भावाच्या चपला घालून, पाय दुखत. तरी प्रत्येक वेळी दार आलं की मी खुर्चीत पुढे सरकून बघत होते, आता तरी कडी हलेल म्हणून.